रॅक ठेवायचा कुठे?

रॅक विकत घेणाऱ्या माणसाकडे जागा नसते. असती तर त्यानं रॅक घेतलाच नसता. जमिनीवर माल मावेनासा होतो, खोक्यांवर खोकी चढतात, चालायची वाट बुजते, आणि मग तो आमच्याकडे येतो. आम्ही त्याला रॅक देतो. पण हा रॅक त्याच्या दारात उतरतो तो सुटा. अँगल, फ्रेम, बीम, पत्रे, पट्ट्या आणि नटबोल्ट. जोडून उभा राहीपर्यंत त्याला आडवं पडायला जागा लागते, आणि ती, वर सांगितल्याप्रमाणे, गिऱ्हाइकाकडे नसते. आमच्या डिस्पॅच खात्यातली निम्मी भांडणं या एका पेचातून निघतात. उरलेली निम्मी नटबोल्टांवरून निघतात, त्यांच्याकडे नंतर येतो.

मी भोसरी एमआयडीसीतल्या एका रॅकच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. म्हणजे दुसऱ्यांनी वाकवून, भोकं पाडून, रंगवून तयार केलेला माल गाडीत भरतो आणि तो वाकला, खरवडला किंवा कमी पोचला की फोन उचलतो. माल बनवणाऱ्याचं कौतुक होतं, विकणाऱ्याला कमिशन मिळतं. डिस्पॅचवाल्याची आठवण फक्त तक्रारीच्या वेळी निघते. या खुर्चीवरून एक गोष्ट स्वच्छ दिसते. रॅकला मान असतो तो उभा असेपर्यंत. लग्न लागेपर्यंत मांडवाचं कौतुक आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नुसते बांबू, तशी त्याची गत. उभ्या रॅकवर दोन टन माल डोळे झाकून ठेवणारा माणूस त्याच रॅकचे सुटे बीम गाडीतून जमिनीवर फेकून देतो. का, तर लोखंड आहे, त्याला काय होतंय! हे वाक्य मी ड्रायव्हरकडून, हमालांकडून, गिऱ्हाइकांकडून आणि खुद्द आमच्या शेठकडून ऐकलेलं आहे. लोखंडाला पुष्कळ काही होतं. फक्त ते ओरडत नाही.

सुटा करून परत जोडता येणारा रॅक ही कल्पना तशी जुनी नाही. लंडनमध्ये छपाईचा धंदा करणारा डिमिट्रियस कोमिनो नावाचा एक गृहस्थ होता. जन्मानं ऑस्ट्रेलियातला, वंशानं ग्रीक. दर वेळी नवीन मांडणी करायची, कामाची पद्धत बदलली की तोडून भंगारात घालायची, याला तो कंटाळला. म्हणून त्यानं अँगललाच ओळीनं खाचा पाडल्या. आता हवा तिथं कापा, हवा तिथं बोल्ट लावा, नको झालं की उघडा. १९४७ साली त्याच्या डेक्सिऑन कंपनीनं हा स्लॉटेड अँगल बाजारात आणला. पुढं तो औषधाच्या दुकानापासून सरकारी रेकॉर्ड रूमपर्यंत सगळीकडे शिरला. तुमच्या किराणा दुकानदाराच्या पाठीमागे जो करडा, भोकाभोकांचा रॅक आहे, तो याच कोमिनोसाहेबांचा वंशज. साहेबांनी रॅक उघडता येण्याची सोय केली, हे फार चांगलं केलं. उघडल्यावर तो ठेवायचा कुठे, हा प्रश्न मात्र त्यांनी आमच्यावर सोडला.

त्यातही पत्र्याच्या जाडीचा हिशेब उलटा. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. चौदा गेज म्हणजे दोन मिलिमीटर, अठरा म्हणजे एक पूर्णांक दोन, आणि बावीस म्हणजे पाऊण मिलिमीटरच्या आसपास. हे ज्याला ठाऊक नाही ते गिऱ्हाईक फोनवर रुबाबात सांगतं, "पैशाकडे बघू नका. तुमचा तो अठरा गेज नको, चांगला बावीसचा द्या." अशा वेळी आमच्या शेठच्या चेहऱ्यावर सचोटी आणि नफा यांची जी कुस्ती चालते, ती तिकीट लावून दाखवण्यासारखी असते. आजवर बहुतेक वेळा सचोटी जिंकलेली आहे, हे शेठच्या बाजूनं नमूद करतो. कारणही व्यवहारी आहे. बावीस गेजचा लांबलचक पत्रा टेंपोत आडवा टाकला आणि त्यावर कुणी पाय दिला की तो पोचेपर्यंत पोटात गेलेला असतो. मग तो परत येतो, आणि येण्याचं भाडं आमच्या माथी.

पॅकिंग हा आमच्याकडे वादाचा विषय नाही, कारण वाद घालायला दोन बाजू लागतात. खरेदी खात्याच्या मते पॅकिंग म्हणजे उधळपट्टी. रॅकच्या किमतीत पॅकिंगचा खर्च इतका किरकोळ असतो की काटकसर करायची ठरली की पहिली कात्री तिथंच चालते. तेवढंच कापायला सोपं. आमच्याकडे पत्रा धुतात, त्यावर पावडर मारतात, तो भट्टीत जवळपास एकशेऐंशी-दोनशे अंशांना भाजतात. इतके सोपस्कार होऊन तो गुळगुळीत, निळा होऊन बाहेर येतो. आणि मग दोन पत्र्यांच्या मध्ये चार आण्यांचा फोम घालायचा नाही, म्हणून ते दोघे अंगाला अंग लावून गाडीत बसतात आणि रस्ताभर एकमेकांना घासत जातात. पोचतात तेव्हा दोघांच्याही मधोमध लोखंड चमकत असतं. गिऱ्हाईक विचारतं, "सेकंडहँड पाठवलात का हो?"

त्याहून नाजूक जागा बीमच्या टोकाला असते. जड मालाच्या पॅलेट रॅकचा बीम खांबाला बोल्टनं नव्हे, दातांनी धरतो. बीमच्या दोन्ही टोकांना जाड पत्र्याचं एक तोंड वेल्ड केलेलं असतं. त्याला तीन-चार दात, ते खांबाच्या खाचेत वरून खाली बसतात. वर एक सेफ्टी पिन, म्हणजे खालून फोर्कलिफ्टचा धक्का लागला तरी बीम उचकटत नाही. आता हा बीम गाडीतून टोकावर आपटला की दात एखाद्या रेघेनं वाकतो. नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. पण जोडताना तो खाचेत पूर्ण जात नाही, अर्धा बसतो. जोडणारा माणूस वरून हातोडी मारतो, "बसला" म्हणतो, आणि पिन जात नाही म्हणून पिन खिशात टाकतो. पुढं कधीतरी त्या बीमवर टनभर माल चढतो. तो बीम कशाच्या आधारावर थांबलेला असतो ते मला विचारू नका. रात्री झोप येत नाही. आणि हे टाळायला लागतं काय? टोकाला पुठ्ठ्याची एक टोपी आणि गठ्ठ्याला दोन जागी पट्टी. पट्टीखालीही पुठ्ठा हवा, नाहीतर पट्टीच रंग कापते.

आता नटबोल्ट.

पाच खणांचा साधा अँगलचा रॅक घ्या. प्रत्येक पत्र्याला चार कोपरे, कोपऱ्याला दोन बोल्ट, म्हणजे एका रॅकला चाळीस. चाळीस रॅकची ऑर्डर असेल तर सोळाशे बोल्ट, सोळाशे नट, शिवाय कोपऱ्याच्या तिकोनी पट्ट्या. एवढा ऐवज एका पोत्यात मावतो. सबंध गाडीत चोरी करण्याजोगं, हरवण्याजोगं आणि विसरण्याजोगं एवढंच असतं, म्हणून ड्रायव्हर ते पोतं मोठ्या जबाबदारीनं केबिनमध्ये स्वतःच्या पायाशी ठेवतो. इथून पुढं त्या पोत्याचं काय होतं याचा माग आजवर कुणाला लागलेला नाही. गाडी पोचते, माल उतरतो, बिल्टीवर सही होते, गाडी निघून जाते, आणि संध्याकाळी फिटरचा फोन येतो, "साहेब, बोल्ट कुठायत?" ड्रायव्हरला फोन लावावा तर तो तोवर दुसरा माल भरून सोलापूरच्या रस्त्याला लागलेला असतो. पोतं सीटखाली असतं. पुढच्या खेपेला ते येतं तेव्हा मूठभर हलकं झालेलं असतं. एकदा एका टेंपोचा बंपर आमच्याच रंगाच्या बोल्टांवर उभा असलेला मी भोसरीच्या चौकात पाहिला. नीट बसवला होता, हे कबूल केलं पाहिजे. आमच्या फिटरनं इतका नीट बसवला नसता.

यावर तोडगा अगदी साधा निघाला, आणि तो आमच्या स्टोअरमधल्या एका काकांचा. बोल्ट मोजत बसायचे नाहीत, तोलायचे. प्रत्येक रॅकची वेगळी पिशवी, पिशवीचं वजन चलनावर लिहायचं आणि पिशवी त्याच रॅकच्या पत्र्यांच्या गठ्ठ्यात, आतून तारेनं बांधायची. समोरच्याकडे किराणा दुकानातला काटा असला तरी त्याला कळतं की माल पुरा आहे की नाही. काकांना या सुधारणेबद्दल शेठनी दिवाळीत दोन जादा पाकिटं दिली. आत नेहमीचाच फराळ होता.

मग गाडी लागते. गिऱ्हाइकानं भाडं वाचवायचं म्हणून स्वतःची गाडी पाठवलेली असते, आणि ती गाडी म्हणजे छोटा हत्ती. २००५ साली टाटांनी ही गाडी काढली आणि महाराष्ट्रातला गल्लीबोळ व्यापाराला मोकळा झाला, याबद्दल मला आदर आहे. पण तिचा हौदा सात फुटांच्या आसपास आणि आमचा अँगल दहा फुटांचा. हे अंकगणित तिसरीतल्या पोराला जमतं, फक्त भाडं ठरवताना कुणाला जमत नाही.

"मामा, तीन फूट बाहेर राहणार."

"राहू द्या की साहेब. फाळका खाली सोडतो."

"फाळका सोडून माल आत येतो का?"

"आत येत नाय, पण दिसतो तसा. आन् लाल फडकं लावतो ना मागं."

हे लाल फडकं म्हणजे आपल्याकडचं सर्वांत मोठं सुरक्षासाधन. आमच्या गेटवरून गेलेली फडकी मी न्याहाळलेली आहेत. एक जुन्या परकराची किनार होती, एक गणपतीच्या मंडळाचा गमछा होता, आणि एक तर फडकं नव्हतंच, शेवचिवड्याची लाल पिशवी होती. रात्री त्यातलं एकही दिसत नाही. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला दिसतं ते थेट अँगलचं टोक, तेही वाऱ्यावर डोलणारं, कारण दहा फुटी अँगलचा बाहेरचा भाग गाडीच्या प्रत्येक धक्क्याला हलतो. माल गाडीच्या अंगाबाहेर काढून नेण्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये दंड आहे, शिवाय तो माल तिथंच उतरवायचा खर्च. भाड्यात हजार वाचवायला निघालेल्या माणसाला हे सांगितलं की तो म्हणतो, "पोलीस आपल्या ओळखीचे आहेत." मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याची ओळख काढून ठेवली आहे का, असं विचारायचा मोह मी दर वेळी आवरतो. त्याला आम्ही गाडी देत नाही, एवढंच. चौदा फुटी आयशर मागव, मग बोल. गिऱ्हाईक रागावतं, दोन दिवस बोलत नाही, तिसऱ्या दिवशी आयशर येते.

आयशर आली म्हणजे संपलं असं नाही. लोखंडावर लोखंड ठेवलं की ते सरकतं. त्यात पत्र्याला तेलाचा हात असेल तर बघायलाच नको. गाडी सरळ चालली आहे तोवर सगळं शांत. ब्रेक लागला की गाडी थांबते आणि माल थांबत नाही. माल बांधण्याच्या युरोपातल्या नियमांत असं धरतात की जोरात ब्रेक लागला तर मालाच्या वजनाच्या ऐंशी टक्के जोर पुढच्या दिशेला येतो, आणि वळणावर निम्मा जोर बाजूला. म्हणजे तीन टन बीम असतील तर दोन टन चारशे किलोंचा रेटा ड्रायव्हरच्या पाठीमागच्या पत्र्यावर. म्हणून माल पुढच्या भिंतीला टेकवूनच भरायचा, मध्ये पोकळी ठेवायची नाही, थरांमध्ये लाकडी गुटके किंवा रबराच्या पट्ट्या घालायच्या, जड बीम खाली आणि पत्रे वर, आणि बांधायला खटक्याचे पट्टे घ्यायचे. आमचे ड्रायव्हर पट्ट्यांना हसतात. त्यांची श्रद्धा नायलॉनच्या दोरीवर. ती एकदा गाडीला आवळतात, तिच्यावर पाय देऊन ओढतात, दोनदा "हां, हां" म्हणतात आणि गाठीवर थाप मारतात. थाप मारली की माल हलत नाही, असं शास्त्र आहे. दोरी मात्र ताणली जाते, अँगलच्या धारेवर घासते आणि वीस-पंचवीस किलोमीटरनंतर सैल पडते. निघाल्यावर थोड्या अंतरानं थांबून बांधणी परत आवळावी, हा नियम आम्ही चलनावर ठळक अक्षरांत छापला. त्याचा उपयोग एवढाच झाला की ड्रायव्हर थांबतात. चहा चांगला मिळतो तिथं.

कागदांचं फार सांगत नाही. माल लाखाच्या वर गेला की राज्यातल्या राज्यातही ई-वे बिल लागतं, आणि ते दर दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं जिवंत असतं. ट्रान्सपोर्टवाल्याच्या बिल्टीवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'माल मालकाच्या जबाबदारीवर' असं छापलेलं असतं. भाडं त्यांचं, गाडी त्यांची, दोरी त्यांची. जबाबदारी तेवढी आपली.

खरी गंमत माल पोचल्यावर. चिपळूणजवळ खेर्डीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यानं आमच्याकडून पॅलेट रॅक घेतले. मे महिना सरत आला होता. गाडी उंब्रजहून पाटणकडे वळली, कोयना ओलांडून कुंभार्ली घाटाच्या तोंडाशी आली, आणि गिऱ्हाइकाचा फोन आला, "माल इतक्यात पाठवू नका. फरशीचं काम चालू आहे, ट्रिमिक्स आजच टाकलाय." घाटात गाडी थांबवून ट्रिमिक्स वाळायची वाट बघणं शक्य नव्हतं. काँक्रीटला पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस धरतात, आणि रॅकचे पाय त्याच काँक्रीटात बोल्टनं जखडायचे असतात, म्हणजे घाई करूनही उपयोग नाही. गाडी पोचली. वाराईवरून, म्हणजे माल उतरवायच्या मजुरीवरून, तासभर घासाघीस झाली. माथाडी कामगारांसाठी राज्यानं १९६९ साली कायदा केला तो किती योग्य होता हे मला पटलेलं आहे, कारण दहा फुटी फ्रेम खांद्यावर घेऊन चालणाऱ्या माणसाला मी जवळून पाहिलं आहे. तिथले मुकादम तर माल बघूनच म्हणाले, "ही फ्रेम फेकायची नाय रे, पाय वाकल." सगळ्या साखळीत एवढं समजणारा हा एकच माणूस, आणि त्याला कुणी कधी मीटिंगला बोलावत नाही.

माल उतरला तो कारखान्याच्या मागच्या आवारात, आंब्याखाली. पुढं काय झालं ते मी तक्रार बघायला गेलो तेव्हा कळलं. कोकणात मे महिन्यात सपाट, स्वच्छ, उन्हातली धातूची जागा रिकामी ठेवणं हा जवळजवळ गुन्हा आहे. रखवालदाराच्या घरच्या माणसांनी आमच्या गॅल्व्हनाइज्ड पत्र्यांवर आमसुलं वाळत घातली. कोकमाच्या आंबटानं जस्त खाल्लं आणि प्रत्येक पत्र्यावर गोल गोल, करडे ठसे उठले. इतके नेटके, एका ओळीत, की पाहणाऱ्याला वाटावं हे डिझाइन आहे. मालक मात्र मला म्हणाले, "तुमच्या मालाला कसला तरी रोग झालाय." रखवालदार लांब उभा राहून झाडाकडे बघत होता. निघताना त्यानं मला पाव किलो आमसुलं बांधून दिली. मी ती घेतली. सोलकढी उत्तम झाली.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला. त्या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो. मालकांनी काळजीपोटी सगळ्या मालावर ताडपत्री टाकली, चारी बाजूंनी खाली खोचली आणि वर दगड ठेवले. हेतू शुद्ध होता, पण पत्र्याला मारायचा याहून खात्रीचा उपाय नाही. एकावर एक चिकटून ठेवलेल्या पत्र्यांत आधीच थोडं पाणी शिरलेलं असतं. वर ताडपत्री, खाली ओली जमीन, वारा कुठून नाही. आत घाम सुटतो. जस्ताला वारा मिळाला तर ते स्वतःवर संरक्षक थर धरतं. वारा नाही आणि पाणी आहे, तर पांढरी भुकटी धरतं. तिला आमच्या धंद्यात पांढरा गंज म्हणतात. ऑगस्टमध्ये ताडपत्री उचलली तेव्हा सगळे पत्रे पिठीसाखर भुरभुरवल्यासारखे झाले होते. उघड्यावर पावसात, एका बाजूनं कलते, मध्ये फळ्या घालून ठेवले असते तर पाणी निथळून गेलं असतं आणि पत्रे यापेक्षा बरे राहिले असते. हे मी मालकांना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात पुणेकरांविषयीची सगळी मतं सामावलेली होती.

रंगवलेल्या फ्रेमी त्यांनी गोदामाच्या भिंतीला उभ्या टेकवल्या होत्या. जागा कमी लागते ना! दहा फूट उंच, अरुंद पायाच्या, एकीला एक टेकलेल्या. शेवटची काढायला गेलात तर पहिलीपर्यंत सगळ्या हलतात, आणि खाली माणूस असतो. इथं मात्र मला विनोद सुचत नाही. सुट्या फ्रेमी आडव्याच ठेवायच्या. जमिनीपासून वर, लाकडी गुटक्यांवर, थरामागून थर, आणि वरच्या थराचा गुटका खालच्या गुटक्याच्या बरोबर डोक्यावर. तो दोन फूट सरकला की मधली फ्रेम वजनानं वाकते. आम्ही हे चित्र काढून पाठवतो. चित्रातले गुटके लोक चुलीत घालतात, असा आमचा अनुभव आहे.

वाकलेल्या खांबाचं प्रकरण तर स्वतंत्रच. युरोपात रॅक तपासणारा माणूस एक मीटर लांबीची सरळ पट्टी घेऊन येतो, खांबाला लावतो आणि फट मोजतो. बीमच्या दिशेनं पाच मिलिमीटर, खोलीच्या दिशेनं तीन मिलिमीटर, एवढीच सवलत. त्याहून जास्त वाक असेल तर तिथला माल एकदा निघाला की खांब बदलेपर्यंत परत भरू नका. दुपटीहून जास्त असेल तर आत्ताच्या आत्ता रिकामा करा. तीन मिलिमीटर म्हणजे किती, तर दोन पुठ्ठे. आमच्या फिटरला मी हे सांगितलं. त्यानं एक डोळा मिटला, खांबाकडे खालून वर पाहिलं आणि म्हणाला, "सरळ आहे." मग त्यानं घण घेतला आणि जिथं सरळ नव्हता तिथं दोन घाव घातले. आता तो दिसायला सरळ झाला. खांब दाबाखाली उभा असतो तो त्याच्या आकाराच्या बळावर. एकदा मुडपलेला पत्रा ठोकून परत आणला तरी ते बळ परत येत नाही; वजन आलं की तो त्याच जागी पुन्हा बसतो. बदलायचा असतो, ठोकायचा नसतो. पण बदलायचा म्हणजे नवा मागवायचा, तो गाडीत भरायचा, एका खांबासाठी वेगळं भाडं. घण तर हाताशी असतोच.

खेर्डीचे रॅक शेवटी दिवाळीच्या आधी उभे राहिले. पत्रे घासून घेतले, सात बदलले, तीन खांब आम्ही आमच्या खर्चानं नवे दिले. त्यावर शेठ अजून माझ्याशी मोजकंच बोलतात. त्यांचं म्हणणं, नुकसानभरपाई ट्रान्सपोर्टवाल्याकडून वसूल करायची होती. करता आली असती. पण उतरवून घेताना गिऱ्हाइकाच्या माणसानं बिल्टीवर सही केली होती, वर स्वतःच्या हातानं 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' असंही लिहिलं होतं. का, तर ड्रायव्हर म्हणाला असं लिहायची पद्धत आहे.

तेव्हा तुमच्या दुकानात, कारखान्यात, सोसायटीच्या ऑफिसात कधी रॅक येणार असतील तर एवढं करा. फरशी झाल्याशिवाय माल मागवू नका. गाडी दारात आली की ड्रायव्हरला चहा द्या, बसवा, आणि तो चहा पीत असताना गठ्ठे मोजा, बीमची टोकं बघा, बोल्टांच्या पिशव्या काट्यावर ठेवा. काही वाकलं, खरवडलं, कमी भरलं असेल तर बिल्टीवर तसं स्पष्ट लिहा आणि मगच सही करा. रस्ते वाहतुकीच्या २००७च्या कायद्यानुसार मालाची नोंदणी झाल्यापासून १८० दिवसांच्या आत ट्रान्सपोर्टवाल्याला लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर दावा लावता येत नाही. आणि पिशवी हलकी भरली तर आधी टेंपोचा बंपर बघा.